उचल

पिकअपच्या मागच्या चाकाशेजारी उकिडवं बसून दाजींनी मडगार्डच्या काठापासून टायरपर्यंत वीत लावली. वीत पुरी मावली नाही. "बसलेत पाटे," ते म्हणाले आणि हात झटकून उठले.

तो शब्द दिवसभर माझ्या डोक्यातून गेला नाही. भिंत खचते, दोर तुटतो, लाकूड कुजतं. पाटा बसतो, ओझ्याखाली बैल बसतो तसा. एकावर एक रचलेले पाटे, सगळ्यात लांब वरती, त्याखाली एकेक आखूड होत गेलेला. सगळ्यांची मिळून कमान. वाड्याच्या कमानीची पाठ वर असते, हिचं पोट खाली. वरून कांद्याच्या गोण्या दाबतात, खालून रस्ता ढकलतो, आणि मधल्या मधे ही झिजत नाही, सपाट होत जाते.

बहिणीचं शेत राहुरी तालुक्यात, मुळेच्या कालव्याखाली. काळी जमीन. शेत आणि डांबरी यांच्यामधे एक ओढा आहे. रांगडा कांदा भरून गाडी त्यात उतरली की सायलेन्सर दगडाला घासायचा आणि पलीकडे चढताना मागचा धुरा चासीखालच्या रबरावर आपटायचा. तो आवाज बहिणीला घरात ऐकू यायचा. दोन इंच उचल मिळाली तर भागेल, असा दाजींचा हिशोब होता. त्यांनी नगरच्या एका पाटेवाल्याकडून दोन जादा पाटे, लांब सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट आणून ठेवले होते. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडीखाली गेलो.

खरं काम आदल्या रात्रीच सुरू झालं होतं. गंजलेल्या नटांवर डिझेल सोडून ठेवलेलं होतं. सकाळी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, चासीखाली जॅक घेतला आणि गाडी उचलल्यावर बाभळीचे दोन ओंडके आत सरकवले. "जॅकवर इस्वास ठेवायचा नाही पाव्हणं," दाजी म्हणाले, "जॅक उचलायला, ओंडका धरायला." यू-बोल्ट सुटले. सेंटर बोल्टला मात्र त्यांनी लगेच हात लावला नाही. आधी दोन्ही बाजूंनी शिकंजे आवळले, कारण त्या एका बोल्टावर सगळ्या पाट्यांचा ताण अडवलेला असतो. तो एकदम सुटला तर पाटा माणसाच्या तोंडावर येतो. मग शिकंजे पाव-पाव फेऱ्याने ढिले करत गेले. पाटे एकेक वेगळे होताना मी पाहिले. प्रत्येकाची वाक थोडी निराळी. घट्ट बांधलेले असताना सगळे एकमेकांना आपल्यासारखं वाकवत होते.

तिसरा पाटा मोडलेला निघाला. तडा जुना होता, आत गंज शिरलेला. दाजींनी तो बाजूला टाकला तेव्हा फरशीवर जो नाद झाला, त्याने मी चाळीस वर्षं मागे गेलो.

तो नाद ऐरणीचा. दसऱ्याच्या आगेमागे आमच्या गावाबाहेर चिंचेखाली घिसाड्यांची पालं पडत. भाता, ऐरण, घण, सांडशी, एवढा संसार. शाळा सुटली की मी तिथे जाऊन उभा राहायचो. पुरुष सांडशीत लाल झालेलं लोखंड धरून ऐरणीवर फिरवायचा आणि घण बाई घालायची. पदर कमरेला खोचलेला, पाय फाकलेले, घण डोक्यामागून येऊन बरोबर पुरुषाच्या हातोडीने दाखवलेल्या जागी पडायचा. तो हातोडीने फक्त ठिकाण सांगायचा, ताकद तिची होती. बोलणं नाही. हातोडी टिण्ण, घण धाड, टिण्ण, धाड. त्या दोघांच्या मधे एक पाच-सहा महिन्यांचं मूल झोळीत झोपलेलं असायचं आणि त्या आवाजात ते कधी दचकलेलं मी पाहिलं नाही.

ते लाल लोखंड म्हणजे ट्रकचा जुना पाटा. त्याचे कोयते व्हायचे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसं ऊस तोडायला निघण्याआधी कोयता पाट्याचाच मागायची. साध्या लोखंडाला धार लागते, पण राहत नाही. पाट्याच्या पोलादात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कर्ब आणि दीड-दोन टक्के सिलिकॉन असतं, हे मला फार नंतर कळलं. घिसाड्याला ते रंगावरून कळत होतं. तापलेलं पातं तो पाण्यात बुडवायचा, चर्रर्र व्हायचं, वाफ उठायची. यालाच पाणी देणं म्हणतात. मग पातं पुन्हा निखाऱ्याशेजारी धरायचा. घासून पांढऱ्या केलेल्या धारेवर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग सरकत यायचा. पुढे निळा येतो, तोवर उष्णता तीनशे अंशांच्या घरात जाते. स्प्रिंगला निळा चालतो, कोयत्याला त्याआधी थांबायचं. त्याआधीचा रंग धारेवर येऊन ठेपला की पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ. इतकं एकाग्र पाहणं मी नंतर फार थोड्या माणसांत पाहिलं.

एकदा एका उसतोड्याने तिथे कोयता हातावर तोलून पाहिला आणि विचारलं, "किती कोयते निघाले औंदा तुमच्या गावचे?" उत्तर देणाऱ्याने माणसं मोजली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. आणि कोयत्यामागे मुकादमाने आधी दिलेली रक्कम म्हणजे उचल. ती उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची. लोणीला १९५०-५१ साली प्रवरेच्या कारखान्याचं पहिलं गाळप झालं आणि सहकारी साखरेचा इतिहास तिथून लिहितात. तो अभिमान मलाही आहे. पण त्या इतिहासात कोयत्यांची संख्या माणसांच्या संख्येच्या निम्मी येते, याचं मला अजूनही वाईट वाटतं. त्या भाषेत बाईला स्वतःचा आकडा नाही. घण घालणारी ती बाई मला अशा वेळी आठवते.

दाजींनी पाना मागितला तेव्हा मी परत आलो.

नवे पाटे घासून, मधे ग्रीस लावून रचले. माझी कल्पना होती की जितकी कमान जास्त तितकं बरं. दाजींनी नाही म्हटलं. रस्त्यावर गाडी उगाच हातभर उंच करून फिरवणारी पोरं त्यांना आवडत नाहीत, मलाही नाहीत. शिवाय गाडीच्या कागदावर लिहिलेली रचना मनाने बदलू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि पाटा वाढला म्हणून गोण्या वाढवायच्या नाहीत, हे त्यांनी बहिणीसमोर कबूल केलेलं होतं. आणखी एक गोष्ट मला त्या दिवशीच नीट उमगली. पाट्यांनी चासी वर जाते, टाकी आणि सायलेन्सर वर जातात, धुरा आणि त्याच्या मधला गड्डा मात्र होता तिथेच राहतो. त्याची उंची फक्त चाक ठरवतं. ओढ्यातला मोठा दगड तसाच चुकवावा लागणार.

पाटे रचताना मला नगरचं रणगाडा संग्रहालय आठवलं. तिथे मी लहानपणी वडिलांबरोबर जात असे असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते उघडलं १९९४ साली, मी मोठा झाल्यावर. तिथल्या पॅटन रणगाड्याला पाटे नाहीत. प्रत्येक चाकामागे पोलादाचा एक आडवा दांडा असतो, चाक उचललं की तो पिळला जातो आणि पीळ सुटताना चाक खाली बसतं. मला मात्र तिथली जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी जास्त आवडते. वाकून पाहिलं तर तिच्याखाली पाटेच आहेत, आपल्या पिकअपसारखे, बैलांच्या छकड्याला कधीमधी असतात तसे.

यू-बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. गाडी जमिनीवर उतरवली आणि पाट्यांच्या टोकाच्या कानातले बोल्ट शेवटी, वजन आल्यावर. मग दाजी पुन्हा खाली गेले. मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला धुऱ्यापासून एक बारीक दांडी जोडलेली असते. मागचा भाग उंचावला की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा जोर कमी करतो. ती दांडी त्यांनी तितकीच सरकवली. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे बोटाने पाहिलं. मग वीत लावली. मावली, वर दोन बोटं उरली.

बहीण दार उघडून चढायला गेली आणि तिचा पाय पहिल्यांदा पायरीवर पोचला नाही. तिने साडी वर घेतली, दांडीला धरलं आणि चढली. "बरंय," म्हणाली. आवाजात कांदा भरून ओढा ओलांडायची घाई होती.

अंधार पडल्यावर लक्षात आलं, मागून उचलल्यामुळे गाडीने नाक खाली घातलं होतं आणि दिव्यांचा झोत आठ-दहा पावलांवरच जमिनीत शिरत होता. गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर लावली. दाजींनी बॉनेट उघडून स्क्रू धरला, मी आत बसून दिवे लावले, बहीण भिंतीपाशी खडू घेऊन उभी राहिली. थंडी चांगलीच पडली होती. गाय उजेडाकडे मान वळवून रवंथ करत होती.

"वर घ्या," बहीण म्हणाली. "अजून. माझ्या खांद्याला आला. थांबा, डावा राहिला."