कोटल्यावरचा अशोकस्तंभ

दिल्लीदर्शनाच्या बसने लाल किल्ला, कुतुबमिनार दाखवला, फिरोजशहा कोटला मात्र वगळला. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही उभयता रिक्षाने तिथे गेलो. पडक्या इमारतीच्या माथ्यावर सम्राट अशोकाचा स्तंभ खालूनच दिसतो. १४व्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो टोपरा गावाहून आणवला. सावरीच्या कापसात गुंडाळून, ४२ चाकांच्या गाड्यावर, पुढे यमुनेतून नावांनी! ओढणाऱ्या मजुरांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत.

सुलतानाने पंडित बोलावले. एकालाही ब्राह्मी अक्षर लागले नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली. रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या, त्या जनावरांच्या आणि माणसांच्या सुखासाठी, असे राजा त्यात सांगतो.

"जनावरांच्याही?" आमच्या सौ. थबकल्या. "आणि आपल्या माणसांना १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी जावं लागलं!" आम्ही काय उत्तर देणार? बराच वेळ दोघेही वर बघत उभे राहिलो.

बंधूभगिनींनो, दिल्लीला गेलात तर मुलांना इथे जरूर न्या. दिल्ली गेट मेट्रो स्थानकावरून जवळ पडते.