सावित्रीकाठचा जलाभ्यास

महाडसारख्या नदीकाठच्या गावी ज्याचे बालपण गेले, त्यास पासष्टाव्या वर्षी पोहण्याचे पहिले धडे घ्यावे लागले असे सांगितले, तर वाचकांस हसू येईल. वस्तुतः मला पोहता येत नव्हते असे नाही. पाठीस कोरडे भोपळे बांधून काकांनी मला विहिरीत लोटले, मी चार गटांगळ्या खाल्ल्या, आणि आठ दिवसांत मान वर काढून हातपाय झाडू लागलो. आमच्या पिढीतील पुष्कळांचे पोहणे एवढेच. विहिरीला खोली असते, लांबी नसते. काठावरून मुटका मारता आला आणि वर येऊन पायरी गाठता आली, की विद्या पुरी झाली असे सर्वजण समजत.

ही विद्या किती अपुरी आहे ते २२ जुलै २०२१ रोजी कळले. त्या दिवशी सावित्री आणि गांधारी यांचे पाणी गावात शिरले. तळमजला पाण्याखाली जाऊ लागला तेव्हा आम्ही सर्व मंडळी माडीवर गेलो. पाच वर्षांच्या नातीला मुलाने खांद्यावरून वर आणले. घरच्या मंडळींची औषधांची पेटी मात्र खालच्या फळीवर राहिली होती. ती आणावयास मी उतरलो. जिन्यापासून फळीपर्यंत अंतर दहा-बारा हात. पाणी छातीच्या वर, गढूळ आणि ओढीचे. पेटी हाती लागली, परंतु परतताना मला अशी धाप लागली की जिन्याच्या कठड्याला मिठी मारून मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो. नातीने ते वरून पाहिले. त्या दिवसापासून डोक्यावरून तांब्या ओतला तरी ती पोर किंचाळू लागली. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. त्या अनर्थापुढे आमचे दुःख ते काय! परंतु मुलाचे भय लहान नसते, आणि ते घालविण्यासाठी आजोबाचे भय आधी गेले पाहिजे हे मला पटले.

शिकावे कोठे? महाडच्या सावित्रीत मगरी आहेत. तेथे पोहण्याचे नाव काढू नये. चवदार तळे गावाच्या मध्यभागी आहे, परंतु त्या पाण्याकडे पाहिले की मला पोहण्याची नव्हे तर २० मार्च १९२७ ची आठवण होते. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तेथील पाणी घेतले. मागाहून सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले, आणि तो हक्क उच्च न्यायालयात कायम व्हावयास १९३७ साल उजाडले. आमच्या घरच्या मुलांस पाणी ही डुंबण्याची वस्तू होती, त्याच गावी दुसऱ्यांच्या मुलांस ते पिण्यासही मिळत नव्हते. पोहण्याविषयी लिहिताना ही गोष्ट वगळणे मला प्रशस्त वाटत नाही.

अखेर पोलादपुराकडील एक जुना विद्यार्थी भेटला. तो आता शाळेत व्यायामशिक्षक आहे. त्याच्या वाडीत बागेला पाणी देण्यासाठी बांधलेला हौद आहे. लांबी पस्तीस हात, पाणी छातीइतके. “गुरुजी, मे महिन्यापर्यंत दर रविवारी या, मात्र आधी डॉक्टरांना छाती दाखवून या,” असे त्याने बजावले. मी दोन्ही गोष्टी केल्या.

महाडहून पोलादपूर एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. राजेवाडीजवळ सावित्रीवरचा पूल लागतो. येथील ब्रिटिश अमदानीतील कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने अंधारात नदीत गेली. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. गाडी त्यावरून धावू लागली की अजूनही कोणीतरी हात जोडते. तशा पुरात भल्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही हे मी जाणतो. माझा हेतू पुरावर मात करण्याचा नव्हता, बारा हातांचे अंतर न घाबरता कापण्याचा होता. पुढे डावीकडे महाबळेश्वराचे डोंगर दिसू लागतात, जेथून ही सावित्री उगम पावते. पोलादपुरात ‘शिवभारत’कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी आहे, पहिल्या रविवारी तिचे दर्शन घेऊनच मी हौदाकडे वळलो.

पहिल्याच दिवशी शिष्याने माझे सारे पोहणे मोडीत काढले. “गुरुजी, आपण डोके वर धरता म्हणून पाय बुडतात. शरीर तराजूच्या दांडीसारखे आहे. तोंड पाण्यात घाला आणि तळाकडे पाहा.” ऐकावयास सोपे, करावयास महाकठीण! परंतु हा हट्ट एकट्या माझा नाही. १८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतील दोन आदिवासी जलतरणपटूंनी हात पाण्यावरून फेकीत पोहून दाखविले, तेव्हा तेथील सभ्य लोकांस तो प्रकार रानटी वाटला. डोके वर ठेवून बेडकाप्रमाणे पोहणे हेच त्यांस शिष्ट वाटे. आज स्पर्धांतून ज्यास मुक्तशैली म्हणतात ती त्याच ‘रानटी’ जातीची आहे. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट घन. त्यात बळ लावण्यापेक्षा अडथळा कमी करणे हे खरे शहाणपण.

खरी अडचण श्वासाची होती. मी छाती भरून तोंड पाण्यात घालीत असे आणि ती तशीच कोंडून धरीत असे. तीन हातांत जीव कासावीस होई. तेव्हा शिष्य हौदाच्या काठावर बसून म्हणाला, “गुरुजी, आम्हाला प्राणायाम आपणच शिकविलात. पाण्यात आपण कुंभक करता. येथे रेचक करावयाचा.” मी चकित झालो. पूरक, रेचक, कुंभक हे शब्द मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले, परंतु पाण्यात ते मला आठवले नाहीत! जीव घाबरतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर कोंडलेला कर्बवायू वाढला म्हणून. तोंड पाण्यात असतानाच नाकातोंडाने संथ बुडबुडे सोडावेत; मग मान उचलावयाची नाही, सारे अंग कुशीवर वळवावयाचे, एक डोळा पाण्यात, एक बाहेर, आणि ओठांच्या कोपऱ्यातून पूरक. मी त्यास अनुष्टुभाची चाल लावली. एका चरणाची आठ अक्षरे मनात म्हणेपर्यंत रेचक, मग वळणे. चार रविवार केवळ यातच गेले.

हातांची गोष्ट तुलनेने लवकर साधली. बोटे प्रथम पाण्यात जावीत, कोपर उंच राहावे, आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग वल्ह्याप्रमाणे पाणी मागे लोटावा. पायांनी मात्र दगा दिला. ताठ घोटे, दुखरे गुडघे. जितके झाडावे तितकी धाप अधिक. मी कुरकुर केली तेव्हा शिष्याने मुरलीकांत पेटकर यांचे नाव काढले. सांगली जिल्ह्यातील हे सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक त्यांनी ३७.३३ सेकंदांत मिळविले. त्यानंतर मी गुडघ्यांचा विषय काढला नाही. पाय मांडीपासून, लहान आणि सैल हलवू लागलो. जोरासाठी नव्हे, केवळ समतोलासाठी.

आरंभी हौदाच्या एका लांबीला मला अठ्ठावीस हात मारावे लागत आणि दोनदा उभे राहावे लागे. वैशाखात एकोणीस हातांत, न थांबता, पलीकडची भिंत बोटांस लागली. शिष्याने टाळी वाजविली नाही. “उजव्या बाजूस मान अजून उचलता,” एवढेच म्हणाला. शिक्षक असा असावा.

मृग लागल्यापासून हौद बंद आहे. घरी मी रोज सकाळी तांब्याच्या घंगाळात तोंड बुडवून रेचक करतो; सूनबाई तोंडाला पदर लावून हसते. नात प्रथम दारातून पाहत असे. मग घंगाळाजवळ येऊन बुडबुडे मोजू लागली. परवा तिने माझ्या मनगटास घट्ट धरले, डोळे मिटले आणि तोंड पाण्यात घातले. मी मोजीत होतो. सातव्या अक्षराला तिने मान वर काढली, केसांतून पाणी निथळत होते, आणि ती म्हणाली, “आजोबा, आठवे राहिले.”