पेडर रोड दोनदा येतो

हौशी धावपटूला सगळ्यांत अवघड जातो तो मंगळवारचा सोपा रन. नोकरी, मुलांची शाळा, घरातल्या थोरांची औषधं या सगळ्यातून पहाटे कसाबसा तासभर मिळालेला असतो. त्या तासात धाप लागली नाही, तर वेळ फुकट गेल्यासारखं वाटतं. शेजारून कुणी पुढे निघून गेलं की पाय आपोआप वेग धरतात. मग तो रन धड सोपाही राहत नाही आणि धड कठीणही होत नाही. गुरुवारी इंटरव्हल मारायचे तेव्हा अंगात जोर नसतो, रविवारी लाँग रनला पोटऱ्या आधीच भरून आलेल्या असतात.

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या रोवर, स्कीअर, सायकलपटू आणि धावपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांची साधारण ८० टक्के सत्रं गप्पा मारता येतील इतक्या संथ तीव्रतेची निघाली. ज्यांचा अख्खा दिवस खेळासाठी मोकळा असतो, ती माणसं बहुतेक वेळा सावकाश पळतात. आणि आठवड्यात जेमतेम पाच-सहा तास मिळणारा हौशी खेळाडू रोज स्वतःला पिळून काढतो.

मार्क ॲलनचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. हवाईच्या आयर्नमॅन स्पर्धेनं या अमेरिकी ट्रायथलीटला अनेक वर्षं हुलकावणी दिली होती. प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांनी त्याच्या सरावाला हृदयाच्या मिनिटाला १५५ ठोक्यांची मर्यादा घातली. ती पाळायची तर सुरुवातीला त्याला मैलाला सव्वाआठ मिनिटं लागत. एवढ्या मोठ्या खेळाडूला हे किती जाचलं असेल! पण त्यानं धीर धरला, आणि पुढे त्याच १५५ ठोक्यांत तो ५ मिनिटं २० सेकंदांत मैल पळू लागला. १९८९ मध्ये ३.८ किलोमीटर पोहणं आणि १८० किलोमीटर सायकल झाल्यावर त्यानं मॅरेथॉन २ तास ४० मिनिटांत पुरी केली आणि प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉटला अवघ्या ५८ सेकंदांनी हरवलं. हवाईतल्या त्याच्या सहा विजेतेपदांपैकी हे पहिलं.

यामागचं कारण शरीराच्या हिशेबात आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ही खिशातली रोकड. चरबी ही बँकेतली ठेव. ठेव मोठी असते, पण ती हळूहळूच मोडता येते. वेग वाढला की शरीर रोकडीवर हात टाकतं, आणि ती पूर्ण मॅरेथॉनला सहसा पुरत नाही. महिनोन्‌महिने संथ पळाल्यानं स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, चरबी जाळण्याची ताकद वाढते, आणि त्याच वेगाला रोकड कमी लागते. धावपटू जिला ‘वॉल’ म्हणतात, ती रोकड संपल्याची भिंत तिसाव्या किलोमीटरच्या पुढे भेटते खरी, पण बऱ्याचदा ती पहिल्या दहा किलोमीटरमध्ये उभी राहिलेली असते.

मुंबई मॅरेथॉनचा मार्ग अनेक वर्षं सुरुवातीच्या या आवराचीच परीक्षा घेत आला. जानेवारीतला रविवार, पहाटेचा अंधार, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरुवात, मग मरीन ड्राइव्ह आणि केम्प्स कॉर्नरहून पेडर रोड. जाताना ही चढण कुणाच्या खिजगणतीत नसते. हवा गार असते, अंगात आठवडाभराची विश्रांती असते, ढोल वाजत असतात. वरळी, सी लिंक, माहीम करून परत फिरलं की साधारण पस्तिसाव्या किलोमीटरनंतर तीच चढण पुन्हा समोर येते. आता ऊन चढलेलं असतं आणि जानेवारी असला तरी मुंबईचा दमटपणा कुठे गेलेला नसतो. जाताना जो या चढावर वीस जणांना मागे टाकून गेला, तो येताना बहुधा चालत असतो. फुटपाथवरचे रहिवासी संत्र्याच्या फोडी आणि मीठ पुढे करतात. त्यांचे उपकार कुठलाही धावपटू विसरत नाही.

केल्व्हिन किप्टमनं २०२३ मध्ये शिकागोला २ तास ३५ सेकंदांचा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत पळाला होता. हौशी धावपटूला त्याचा वेग झेपणार नाही. पण पहिल्या अर्ध्यात हात आखडता ठेवण्याची त्याची रीत जरूर घेता येईल.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये मात्र हे गणित वेगळं. तिथे आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग उतरायचा, त्यामुळे दुसरा अर्धा भाग आपसूक वेगवान होतो. पण उतारावर मोकळं सुटणाऱ्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. उतारावर स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, आणि ते दुखणं चढापेक्षा फार मोठं असतं. तिथेही आवर हवाच.

ट्रायथलॉनमध्ये हा आवर तीनदा ठेवावा लागतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ झाली: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. तलावात शिकलेल्याला समुद्रात तळ दिसत नाही, भिंत नसते, शेजाऱ्याचा हात तोंडावर बसतो. पहिल्या दोनशे मीटरमध्ये छाती धडधडते. ती शांत होईपर्यंत मुद्दाम सावकाश हात मारणारा पुढे सुखात पोहतो.

खरी फसवणूक सायकल करते. पायांना जमिनीचे हादरे बसत नाहीत, वाऱ्यानं घाम वाळतो, आणि आपण ताजेतवाने आहोत असं वाटत राहतं. सायकल ठेवून बूट घातले की पाय परक्याचे वाटतात. म्हणूनच सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा सराव, ज्याला ‘ब्रिक’ म्हणतात, वगळून चालत नाही. खाणंही सायकलवरच उरकायचं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. धावताना पोट ऐकत नाही. पाणी मात्र तहानेच्या अंदाजानं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलं होतं, आणि पळताना ज्यांचं वजन बरंच वाढलं होतं त्यांना हा धोका सर्वाधिक होता. म्हणजे ते गरजेपेक्षा जास्त प्याले होते.

आवर धरण्याची ही कला ज्यांनी पुरती आत्मसात केली आहे, ती माणसं गर्दीत पाठीवरच्या झेंड्यावरून ओळखू येतात. ते पेसर. झेंड्यावर चार तास, साडेचार तास अशी वेळ लिहिलेली असते, आणि मागच्या घोळक्याला सगळे ‘बस’ म्हणतात. पेसर स्वतः त्याहून बराच वेगवान असतो, पण त्या दिवशी तो आपली वेळ बाजूला ठेवून अनोळखी माणसांच्या वेळेसाठी पळतो. सुरुवातीला पुढे घुसू पाहणाऱ्यांना तो मागे बोलावतो, पाण्याच्या टेबलापाशी आठवण करतो, परतीच्या पेडर रोडवर पावलं लहान करायला सांगतो. चढण संपली की ज्यांच्यात दम उरला आहे त्यांना तो पुढे पिटाळतो आणि आपण झेंड्यावरच्या वेळेला धरून पळत राहतो.