कडेची भाषा

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे निघालात, की पहिला तासभर तुम्हांला घाटाची चाहूलही लागत नाही. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधूनच एखादे गुऱ्हाळ, कळे, साळवण, असळज अशी एकामागून एक गावे. रस्ता इतका हळूहळू चढतो, की आपण चढतो आहोत हे गाडीच्या आवाजावरूनच काय ते कळावे. सुमारे 55 किलोमीटरनंतर गगनबावडा येते, एसटीचे स्थानक आणि चहाच्या टपऱ्या येतात, आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर जमीन संपते. समोर, खूप खाली, कोकण असते. एका बाजूने करूळचा घाट वैभववाडीकडे उतरतो, दुसऱ्या बाजूने भुईबावड्याचा घाट खारेपाटणाकडे. या कडेच्या अलीकडे पडलेला पाऊस कुंभी नदीतून पंचगंगेला, नृसिंहवाडीला कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळतो. पलीकडे चार हातांवर पडलेला थेंब मात्र विजयदुर्गाच्या खाडीची वाट धरतो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी येथे आलो होतो तो माझ्या एका शाळासोबत्याला घेऊन. हे गृहस्थ सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यास स्थायिक झालेले. निवृत्तीनंतर त्यांना गोल्फचा नाद लागला आहे, आणि नाद लागलेल्या माणसाशेजारी गाडीत दीड तास बसणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. तथापि त्या दिवशी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. गोल्फच्या मैदानावरील ज्या खळग्यात चेंडू जायचा, त्याच्या कडेला इंग्रजीत ‘लिप’ म्हणजे ओठ म्हणतात. आपण भांड्याला काठ आणि कान दिले, घागरीला गळा दिला. त्या लोकांनी खळग्याला ओठ दिला. हा खळगा 108 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सव्वाचार इंचांचा असतो. सेंट अँड्र्यूज येथील मंडळाने हे माप 1891 मध्ये ठरवून दिले. खळग्यात आतून जे अस्तर बसवतात ते पृष्ठभागापासून निदान एक इंच खाली असावे, असा नियम आहे. म्हणजे ओठ हा मातीचाच असला पाहिजे. चेंडू या ओठावर येऊन अर्धवट लोंबकळत थांबला, तर खेळाडूने चेंडूपाशी चालत जावे आणि तेथे दहा सेकंद वाट पाहावी. तेवढ्यात तो आत पडला तर उत्तम. त्यानंतर पडला तर एक फटका दंड. चेंडू ओठावरून गोल फिरून बाहेर निघून गेला, तर त्याला ‘लिप आउट’ म्हणतात. हा शब्द उच्चारताना आमच्या मित्राच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसले, ते मी काही रुग्णांच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावरही पाहिलेले नाही.

वाळूच्या खड्ड्यांचे, म्हणजे बंकरचे, शास्त्र याहून बारीक आहे. खड्ड्याच्या कडेला मातीची किंवा गवताच्या ढेपांची रचलेली भिंत असेल, तर ती खड्ड्याचा भाग धरत नाहीत. चेंडू त्या भिंतीत रुतला, तर तो बंकरमध्ये नाहीच. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर सतराव्या खळग्यापाशी असा एक उभ्या भिंतीचा बंकर आहे. 1978 च्या ओपन स्पर्धेत टॉमी नाकाजिमा या जपानी खेळाडूचा चेंडू हिरवळीवरून ढकलता ढकलता त्या बंकरात घरंगळला आणि बाहेर काढण्यास त्याला चार फटके लागले. त्या एका खळग्यावर त्याचे एकूण नऊ फटके झाले. काही पावलांच्या खड्ड्याने स्पर्धा हातची घालवली.

हे ऐकताना मला आमच्या वैद्यकीय महाविद्यालयातले दिवस आठवत होते. शस्त्रक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्गात आम्हांला जखमेकडे पाहण्यास शिकवतात, तेव्हा सरांचा आग्रह असतो की आधी कड पाहा, मग तळ. जुनाट व्रणाची कड पाच प्रकारची असू शकते. आतल्या बाजूला सौम्य उतार असलेली कड म्हणजे व्रण भरून येत आहे. पंचाने कागदाला भोक पाडावे तशी सरळ उभी कड मधुमेही रुग्णाच्या तळपायावर दिसते. तेथील संवेदना गेलेली असते, म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस महिनोन्‌महिने येत नाही. माझ्याकडे असे एक आजोबा आले होते. त्यांच्या टाचेतला खिळा चपलेतून आरपार घुसलेला होता आणि त्यांना तो सुनेने दाखवला होता. तिसरी कड आतून पोखरलेली: वर त्वचा शाबूत दिसते, पण तिच्याखालचा आधार गेलेला असतो. क्षयाच्या गाठी फुटून झालेल्या व्रणांची ही खूण. उरलेल्या दोन प्रकारांत कड उंचावलेली आणि गुंडाळल्यासारखी, किंवा फुलकोबीसारखी बाहेर उलटलेली असते. या दोन कडा पाहिल्या, की डॉक्टरच्या मनात कर्करोगाची शंका आलीच पाहिजे.

मी हे सारे गाडीत बसून मित्राला सांगितले. गोल्फवर मात करण्याची संधी होती, ती सोडवेना. ते ऐकून घेत होते आणि नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. असळज मागे पडले होते. त्या शांततेचे मला विशेष काही वाटले नाही.

दुपारी आम्ही घाटमाथ्यावरच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळा संपता संपता त्यावर गवत आणि रानफुले असतात, आणि पायाखालचा दगड शेवाळाने निसरडा झालेला असतो. मित्राला दरीचे छायाचित्र हवे होते. कठडा जेथे संपतो त्याच्या पुढे, गवताची एक छानशी जीभ दरीवर पुढे आलेली होती. ते तिकडे निघाले. तेवढ्यात म्हशी राखणाऱ्या एका मामांनी हाक दिली, “साहेब, तिकडं जाऊ नगासा. वरनं गवात दिसतंय, पर खालनं पोकळ हाय.”

आतून पोखरलेली कड! सरांनी वर्गात सांगितलेली व्याख्या त्या मामांनी एका वाक्यात सांगितली. जांभा पाण्याने झिजतो, त्याखालची मऊ माती पावसागणिक वाहून जाते, आणि वरचे गवताचे आच्छादन तसेच पुढे आलेले राहते. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या भागांपैकी हा एक. तेव्हा वाचकहो, सड्यावर गेलात तर कडेपासून आपल्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर राखा, आणि स्थानिक माणसाने हटकले तर दुसऱ्यांदा विचारू नका. भिंगातून किंवा मोबाइलच्या पडद्यातून पाहत मागे-पुढे सरकणे तर पूर्णपणे टाळावे.

कडेवर उभे राहिल्यावर पायांत जे कापरे भरते, ते भित्रेपणाचे लक्षण नाही. आपण स्थिर उभे असतो तेव्हाही शरीर किंचित डुलत असते. डोळे, आतील कान आणि तळपायांतील व सांध्यांतील संवेदना या तिघांच्या निरोपांवरून मेंदू ते डुलणे सतत सावरीत असतो. जवळच्या वस्तू डोळ्यांपुढे जराशा हलल्या, की मेंदूला कळते आपण कललो आहोत. परंतु दरीच्या तोंडाशी सर्वांत जवळची वस्तूच कित्येक शे मीटर खाली असते. आपण बरेच कललो तरी ती हललेली दिसत नाही. त्यामुळे डुलणे वाढते, ते तळपायांना जाणवते, आणि डोळ्यांचा व पायांचा निरोप जुळेनासा होतो. त्यात धुके आले, आणि गगनबावड्याला ते केव्हाही येते, तर डोळ्यांची उरलीसुरली मदतही जाते. मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची संवेदना मंदावली आहे त्यांचे तिघांपैकी दोन साक्षीदार गेले असे समजा. उपाय साधे आहेत. कठड्याला हात लावून उभे राहा, म्हणजे हाताकडून चौथा निरोप मिळतो. नजरेत एखादे जवळचे झाड किंवा खांब राहू द्या. मान मागे टाकून वर पाहू नका. गरगरले तर लाज न बाळगता खाली बसा, आणि रक्तदाबाची औषधे घेत असाल तर उठताना सावकाश उठा.

तेथून आम्ही गगनगडावर गेलो. गगनगिरी महाराजांच्या आश्रमामुळे आता हा गड महाराष्ट्रभर ठाऊक आहे. त्याआधी हा सारा मुलूख पंत अमात्य बावडेकरांचा. याच घराण्यातील रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी जिवापाड राखावी, तोडू देऊ नये, असे बजावले आहे. त्यांचा हेतू शत्रूला अडवण्याचा होता. पण मुळे माती धरून ठेवतात हेही तितकेच खरे आहे, आणि मामांच्या पोकळ कडेवर एकही झाड नव्हते, हे मला गडावर चढताना आठवले.

गडावर जाण्यास अखेरच्या टप्प्यात पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो एवढेच. पडतो माणूस तो उतरताना. मी स्वतः पडता पडता वाचलो. माझा चष्मा हा वर लांबचे आणि खाली जवळचे दाखवणारा. पायरीकडे नजर टाकली, की ती चष्म्याच्या खालच्या भागातून जाते, जो हातभर अंतरावरचे वाचण्यासाठी बनवलेला आहे. पाय तर त्याच्या तिप्पट-चौपट दूर. त्यामुळे पायरीची कड धूसर होते, आणि दोन पायऱ्या एकच वाटतात. मित्राने माझा दंड धरला म्हणून सावरलो. तुमच्या घरी साठीपुढचे कोणी असा चष्मा वापरत असेल, तर बाहेर चालण्यासाठी फक्त लांबचा दुसरा चष्मा करून घ्या. तोवर पायऱ्या उतरताना नुसती नजर न झुकवता हनुवटी छातीकडे घेऊन पाहण्याची सवय लावा. घरातल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेवर दोन बोटे रुंदीचा पिवळा पट्टा रंगवून घ्या. शंभर रुपयांचा रंग पुरतो. माझ्या पाहण्यात खुब्याचे जे अस्थिभंग आले त्यांत दरीच्या कडेवरून पडलेला एकही नाही. ते सगळे उंबऱ्याशी, न्हाणीच्या पायरीशी नाहीतर जिन्याच्या शेवटच्या पायरीशी पडलेले होते.

खाली आल्यावर टपरीवर चहा घेतला. माझ्या मित्राने कप तोंडाला लावला आणि डाव्या बाजूने घोट घेण्याचे टाळले. मग ते म्हणाले, “तू सकाळी ते कडांचं सांगत होतास. माझ्या गालात आत एक आहे. दीड महिना झाला. दात टोचतो म्हणून दुर्लक्ष केलं.” सैन्यात असताना लागलेली तंबाखू त्यांनी निवृत्तीच्या वर्षी सोडली होती, वीस वर्षांनंतर सोडली होती.

टपरीमागे उजेडाला बसवून, मोबाइलच्या दिव्यात मी पाहिले. व्रण नखाएवढा होता. तळ स्वच्छ होता, पण एका बाजूची कड किंचित उंचावलेली होती, आणि धुतलेल्या बोटाने चाचपल्यावर कडक लागली. दाताने झालेला व्रण टोचणारी कड घासून घेतल्यावर दोन आठवड्यांत भरू लागतो. तोंडातला कोणताही व्रण, पांढरा वा लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर त्याचा तुकडा तपासणीस गेला पाहिजे, मग तो दुखो वा न दुखो. सुरुवातीचे असे व्रण बहुधा दुखत नाहीत, आणि माणसे फसतात ती येथेच. मी त्यांना एवढेच म्हणालो, की उद्याच पुण्याला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे जायचे. परतीच्या वाटेवर गोल्फचा विषय निघाला नाही. कळ्याजवळ एका गुऱ्हाळापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि घरी नेण्यासाठी गूळ घेतला.

तपासणीचा अहवाल अपेक्षेप्रमाणे आला: कर्करोग, पण लहान आणि सुरुवातीचा. शस्त्रक्रियेत शल्यविशारदांनी व्रणासकट त्याच्या भोवतीची सुमारे एक सेंटिमीटर निरोगी दिसणारी ऊतीही काढली. बाहेरून रोग जेथे संपलेला दिसतो तेथे तो खरोखर संपलेला असतोच असे नाही, म्हणून ही रुंद कड ठेवावी लागते. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि त्याच्या चारही बाजू तपासून सांगतात, की रोगाची पेशी कापलेल्या कडेपर्यंत पोहोचली होती की नाही. त्या अहवालाची वाट पाहण्याचे दिवस कोणत्याही दहा सेकंदांहून लांब असतात.

मित्राचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होतो. गाल शिवलेला असल्याने ते अडखळत बोलत होते. त्यांनी अहवालातली एक ओळ मला वाचून दाखवली आणि तिचा अर्थ पुन्हा एकदा सांगायला लावला. सर्व कडा मोकळ्या, मानेतल्या गाठीही स्वच्छ. पहिले वर्षभर दर एक ते तीन महिन्यांनी त्यांना तपासणीस जावे लागेल. ही लेखाची परवानगी त्यांचीच आहे. पावसाळा संपला की पुन्हा गगनबावड्याला यायचे म्हणतात, आणि मामांसाठी पुण्याहून काय आणावे, असे मला विचारतात. मी तंबाखू सोडून काहीही आणा, असे सांगितले आहे.