पाल्याला काडी लावायचा शॉट

आजची नोंद शेतातलीच, पण जरा वेगळी. मागच्या आठवड्यात आमच्या रानात शूटिंग झालं.

भाचा कोल्हापुरात कॉलेजला आहे. तो आणि त्याचे मित्र मिळून शॉर्टफिल्म काढायलेत. कथा अशी : पोरगा नोकरीसाठी पुण्याला जातो, आणि बाप रागाच्या भरात ऊस तुटून गेलेल्या रानातला पाला पेटवतो. माझाबी पोरगा पुण्यातच आहे. मी काय बोललो न्हाई, रान द्यायला हो म्हणालो.

सकाळी सातला पोरं आली. मला वाटलं दुपारपर्यंत संपंल. पण एकेका शॉटला तास-दीड तास. आवाज येतोय म्हणून मोटर बंद करायला लावली, दिवसाची लाईट तशीच गेली. बाप झालेला नट चांगला, पण शेजारच्या पट्टीतला ऊस वरनंच तोडायला लागला. त्याला दाखवलं, ऊस जमिनीलगत तोडायचा. बुडका उंच ठेवला तर वरच्या डोळ्यातनं कोंब येतो आणि खोडवा कमजोर निघतो.

बांधावर जेवायला बसल्यावर भाचा जुन्या सिनेमाचं सांगत होता. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच स्वतः कॅमेरा तयार केला. 1920 ला 'सैरंध्री' काढला, 1925 ला 'सावकारी पाश'. त्यात शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात गिरणीत कामाला लागतो. तरण्या शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. घरची भाकरी वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे शंभर वर्षं झाली, रानातला माणूस अजून शहरालाच निघालाय."

दिवस मावळायला शेवटचा शॉट. नटाचे हात मऊ दिसत होते, म्हणून काडी ओढणारे हात माझे घ्यायचं ठरलं. चारच सऱ्या पेटवायच्या, पाण्याचं बॅरल शेजारी. मी कबूल झालो होतो. पण काडेपेटी हातात घेतली आणि हात हलंना.

पूर्वी मीबी पाला पेटवायचो. एका वर्षी वारं फिरलं आणि शेजाऱ्याचा उभा ऊस जळाला. भरपाई दिली, तरी दोन वर्षं बोलणं न्हवतं. तवापासनं काडी लावली न्हाई. या पेजवर तुम्हालाबी तेच सांगत आलोय.

भाचा म्हणाला, "मामा, फिल्म आहे ही, खरं न्हवं."

म्हटलं, "आरं, पाला खरा हाय आणि हातबी माझेच हायत. आणि पोरगा गेला म्हणून बाप रान जाळत न्हाई. मी जाळलं काय?"

पोरं गप्प झाली. उजेड चालला होता. मी काडेपेटी खिशात टाकली आणि सरीतला पाला सारखा करायला लागलो. कॅमेऱ्यावरच्या पोरीनं तेवढंच घेतलं. भाचा जाताना जरा नाराज होता. शेवट पडला म्हणाला. आता एडिटिंगला काय ठेवतो बघायचं.

रात्री पोराला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं पहिलंच विचारलं, "आण्णा, पाला ऱ्हायला न्हवं?"

दुसऱ्या दिवशी बुडके छाटून घेतले. हेक्टरी 8 ते 10 टन पाला निघतो. त्यात नत्र, स्फुरद, पालाश तर असतंच, शिवाय सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते आणि तण दबतं. कुजवायला टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं, आणि सरीत पाणी दिलं. सुरवातीला पाल्यामुळं पाणी पुढं सरकायला वेळ लागतो, दम धरायला लागतो.

तुमच्याकडं अजून किती जण पेटवतात? न पेटवणाऱ्यांनी किती वर्षांत फरक दिसला ते खाली लिवा. भाच्यालाबी वाचायला देतो.