परार्धाच्या एक पायरी अलीकडे

कर्जत-खालापूरकडच्या आम्हा मंडळींस घाटाचे नवल नाही. कर्जतेस जादा इंजिने लागली की गाडी बोरघाट चढून खंडाळ्यास पोचते. पण वर गेल्यावर पलीकडे तसाच उतार लागत नाही, पठार लागते. चढ आणि उतार पायरीस पायरी जुळलेला घाट पाहावयाचा असेल तर तो अंकांतच पाहावा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या ‘लीलावती’तील गणनेप्रमाणे ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचते; म्हणजे परार्धाच्या एकच पायरी अलीकडे!

ही संख्या कोणी मुद्दाम जुळविलेली नव्हे. १ हा अंक ओळीने नऊ वेळा लिहून त्या संख्येचा वर्ग करावा, की ती आपोआप हाती येते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असा हा क्रम चढत जातो. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त याच कुळातली १२३४५६५४३२१ ही संख्या आढळते. २७९९४६८१ यांस ४४१ यांनी गुणले असता ती येते; वाचकांनी पडताळा अवश्य घ्यावा.

आमच्या काळात या संख्यांचा ध्यास घेतला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूस जन्मलेले हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. या संख्यांची कल्पना त्यांस आमच्याच लोहमार्गावरील डोंबिवली स्टेशनात सुचली, म्हणून त्यांनी तिला ‘डेम्लो’ हे त्या स्टेशनाचे नाव दिले. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाची ओळख १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून साऱ्या जगास करून दिली.

“परंतु याचा उपयोग काय?” असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही हटकून येतो. त्यास आमचे उत्तर असे, की १ हा अंक दहा वेळा लिहून वर्ग करून पाहावा. येते १२३४५६७९००९८७६५४३२१. घाट मधोमध खचला! नऊ वेळा खरा ठरलेला नियम दहाव्या वेळी मोडला. गुणाकार मांडून पाहिला म्हणजे कारण कळते. एकांच्या ओळी एकेक घर सरकत जातात. मधल्या उभ्या रांगेत जितक्या ओळी तितके एक जमतात. नवापर्यंत ते एका घरात मावतात, दहा झाले की हातचा धरावा लागतो. आपण बारांच्या पटीने मोजत असतो, तर हाच घाट अकरापर्यंत अभंग राहिला असता.

तिघे मिळून निघाल्यावर काम दोनदा बिघडले, की आपण ‘तीन तिघाडा’ हा सिद्धांत कायमचा करून टाकतो. येथे तर नऊ पुरावेही अपुरे पडले. पुराव्यांची संख्या मोजणे निराळे आणि कारण जाणणे निराळे. ज्यास कारण कळले, त्यास नियम कोठे थांबणार हेही आधीच कळते. मुलांस एवढा विवेक ज्या संख्येने शिकविला, तिला निरुपयोगी म्हणण्याचे धैर्य आम्हांस तरी होत नाही.