पलद खिक : ताईत आणि पुरुषत्व

थायलंडमध्ये ‘पलद खिक’ या नावाने ओळखला जाणारा ताईत म्हणजे लाकूड, हाड, शिंग किंवा धातू यांपासून घडवलेले पुरुषलिंगाचे छोटे प्रतिरूप होय. ‘पलद’ हे एरवी तेथील सरकारी उपाधिकाऱ्याचे पदनाम असून या ताइताकडेही बदलीचेच काम असते: जेमतेम दोन इंचांचा हा तुकडा करगोट्यासारख्या दोऱ्यात ओवून, कपड्यांच्या आत, खऱ्या अवयवापासून थोडा बाजूला बांधला जातो, म्हणजे दृष्ट, बाधा किंवा घाव यांचा रोख मूळ अंगावरून ढळून या प्रतिनिधीवर जातो, अशी श्रद्धा आहे. त्यावर खोम लिपीत, म्हणजे धर्मग्रंथ आणि मंत्रलेखन यांसाठी टिकून राहिलेल्या जुन्या ख्मेर वळणाच्या लिपीत, मंत्राक्षरे कोरलेली असतात. ताईत मंत्रून देणारे बहुधा बौद्ध भिक्षूच असतात; चोनबुरी प्रांतातील सत्ताहीपच्या विहाराचे लुआंग फो ई (मृत्यू १९४६) यांचे नाव या ताइतांसाठी आजही घेतले जाते.

ब्रह्मचर्यव्रत घेतलेल्या भिक्षूच्या हातून लिंगाकृती सिद्ध व्हावी यात भाविकांना विसंगती वाटत नाही, कारण या परंपरेत लिंग हे कामवासनेचे चिन्ह होण्याआधी सृजनाचे आणि बरकतीचे चिन्ह आहे. तिचा उगम सामान्यतः शैव उपासनेत शोधला जातो. बुरीराम प्रांतातील फनोम रुंग हे ख्मेर राजवटीत, दहाव्या ते तेराव्या शतकांदरम्यान उभे राहिलेले शिवमंदिर. त्याच्या गाभाऱ्यातील लिंग आणि अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ पाहणाऱ्या मराठी माणसाला तेथे शाळुंकेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

या चिन्हाचा वावर पुरुषांपुरता मर्यादित नाही. सकाळी भवानी झाली की हाती आलेली नोट उरलेल्या मालावर टेकवायची, ही थाई बाजारातली नेहमीची रीत असून पैशांच्या टोपलीत पलद खिक ठेवणारे विक्रेतेही, त्यांत स्त्रियाही, आढळतात. बँकॉकमध्ये सेन सेप कालव्याच्या काठी असलेल्या चाओ माए तुप्तिम या देवीच्या ठाण्यात अपत्याची इच्छा धरणाऱ्या स्त्रिया कमळे आणि मोगऱ्याचे हार वाहत आल्या आहेत, आणि नवस फळल्यावर आणून ठेवलेली, रंगीत कापडे गुंडाळलेली लाकडी लिंगे तेथे ओळीने उभी असत. विक्रेतीच्या टोपलीतले किंवा नवसाचे हे लिंग कोणा एका पुरुषाची मालमत्ता नव्हे, आणि त्यात त्याच्या मर्दुमकीची बढाईही नाही.

आधुनिक काळात हा व्यापक अर्थ आक्रसला. परदेशी पाहुण्यांसाठी पलद खिक ही थट्टेची किंवा कुतूहलाची वस्तू झाली, आणि लिंग म्हटले की पुरुषाची कामक्षमता एवढाच अर्थ उरू लागला. त्याच वेळी थाई समाजाने पुरुषाच्या वर्तनाकडे पाहण्याची नजर मात्र अधिक कठोर केली. उच्चकुलीनांत प्रतिष्ठेचे मानले जाणारे बहुपत्नीत्व १९३५ च्या कायद्याने अमान्य ठरले, १९७० च्या दशकापासून मीचाई वीरवैद्य यांनी कंडोमला विनोदाच्या वाटेने घरोघरी पोचवले, इतके की लोक त्याला ‘मीचाई’च म्हणू लागले, एड्सच्या साथीत, १९९१ पासून, वेश्यागृहांत प्रत्येक वेळी कंडोम वापरण्याचा कार्यक्रम देशभर राबवला गेला, आणि २००७ मध्ये पत्नीवरील बलात्कारही दंडनीय ठरला.

या दोन धारा शेजारी ठेवल्या की बदलाचे खरे स्वरूप ध्यानात येते. ताईत पुरुषाच्या अंगाला जगापासून जपतो. कंडोम आणि कायदा जगाला, आणि विशेषतः स्त्रीला, पुरुषाच्या वर्तनापासून जपतात. पहिली भीती जुनी आणि समजण्यासारखी आहे, म्हणून पलद खिकला अश्लील ठरवून हिणवण्याचे कारण नाही. परंतु इजा झेलायला प्रतिनिधी नेमता आला तरी वागण्याचा जाब देण्यासाठी तो नेमता येत नाही, हे थाई कायद्याने एका शतकाहून कमी काळात मान्य केले, आणि पुरुषत्वाच्या कल्पनेतील हाच बदल सर्वांत मोलाचा आहे.